अकोल्याचा उन्हाळा आणि घरचं लाईटबिल : मार्च ते जुलै २०२४ च्या नोंदी

३ मार्च २०२४, रविवार

आजपासून लिहून ठेवायला सुरुवात. कारण आधी सांगतो. मागच्या मे मध्ये ४८६ युनिट आले, बिल साडेसहा हजाराच्या जवळ गेलं, आणि ते बिल टेबलावर बाबांनी वाचलं. त्यानंतर कोणाला न सांगता ते दुपारी आपल्या खोलीतला कूलर बंद करून नुसत्या पंख्याखाली बसायला लागले. चौथ्या दिवशी बाथरूममधून येताना चक्कर येऊन पडले. नशीब की फक्त खरचटलं. वय ७४, बीपीची गोळी चालू. विचारलं तर म्हणे, "काऊन दिवसभर चालवाचा, बिल काय थोडं येते का बाप्पा."

तेव्हा ठरवलं की पुढच्या उन्हाळ्याआधी बिल खाली आणायचं, पण बाबांच्या कूलरचा एक तास सुद्धा कमी न करता. हा एकच नियम. बाकी सगळ्याला कात्री चालेल.

घर एकमजली, वर थेट स्लॅब. ५ पंखे, २ लोखंडी कूलर (एक हॉलमध्ये, एक बाबांच्या खोलीत), फ्रीज, इन्व्हर्टर, पाण्याची १ एचपी मोटर, बाकी टीव्ही मिक्सर वगैरे. एसी नाही. बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापून येतो तो उतरवून घेतला, २०२३ चा मार्च २४१, एप्रिल ३७२, मे ४८६, जून ४३१.

४ मार्च

बिलातल्या स्लॅबचा, म्हणजे दराच्या टप्प्यांचा, हिशोब नीट समजून घेतला, एवढी वर्षं नुसती खालची रक्कम बघून भरत होतो. पहिली १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० त्याच्या जवळपास दुप्पट, ३०१ ते ५०० त्याहून महाग. शिवाय दर युनिटला वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा खर्च), मग इंधन समायोजन (वीज महाग पडली तर त्याची भर) असेल तर ते, स्थिर आकार (दर महिन्याची ठरलेली रक्कम), आणि वर १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे ४८६ वरून एक युनिट कमी केलं तर सरासरी दराचं नाही, सगळ्यात महाग युनिट कमी होतं. ते ध्यानात आलं तेव्हा बरं वाटलं, कारण निम्मं बिल कमी करायला निम्मी वीज कमी करायची गरज नाही, वरचा शेंडा छाटला तरी खूप.

१० मार्च, रविवार

आज रात्री मीटरपाशी बसून मोजणी केली. हे कोणालाही जमतं, काही विकत घ्यावं लागत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

मीटरवर छोटा लाल दिवा लुकलुकतो. आमच्या मीटरवर ३२०० इम्पल्स प्रति युनिट छापलंय, म्हणजे दिवा ३२०० वेळा लागला की एक युनिट (काही मीटरला आकडा वेगळा असतो, तो वाचून घ्यायचा). दोन लुकलुकण्यांमधले सेकंद मोजायचे आणि ११२५ ला त्याने भागायचं, आलेला आकडा म्हणजे घरात त्या क्षणी चालू असलेले वॅट. दर ५ सेकंदाला लागला तर २२५ वॅट, १५ सेकंदाला लागला तर ७५. मी मोबाईलवर स्टॉपवॉच लावून दहा अंतरं मोजतो आणि दहाने भागतो, एकदाच मोजलं तर बोट मागेपुढे होतं.

घरातली सगळी बटणं बंद केली, फ्रीजचा प्लग काढला, सगळ्यांना अंधारात बसवलं, पोरगी टॉर्च धरून माझ्या बाजूला. आता दिवा जवळपास थांबायला पाहिजे ना. नाही. दर १३ सेकंदाला लुकलुक. म्हणजे ८६ वॅट, सगळं बंद असताना, रात्रंदिवस.

मग एकेक एमसीबी (मीटरजवळच्या बोर्डावरचं फ्यूजसारखं बटण) पाडत गेलो. इन्व्हर्टरचा पाडला आणि दिवा गायबच झाला, मला वाटलं मीटर बंद पडलं, पोरगी आकडे मोजत होती ती ५८ वर थांबली तेव्हा एकदाचा लागला. ५८ सेकंद म्हणजे १९ वॅट, ते तसेच चालू राहिलेल्या सेट टॉप बॉक्स आणि राउटरचे. मग इन्व्हर्टर एकटा ६७ वॅट खात होता, लाईट गेलेली नसताना, बॅटरी फुल असताना. दिवसाला १.६ युनिट, महिन्याला ४८. दोन दोनदा हिशोब केला. एक पंखा दिवसरात्र न थांबता चालवावा तेवढी वीज नुसती बॅटरी गरम करण्यात जात होती.

११ मार्च

बॅटरीला हात लावून पाहिला, कोमट. सहा वर्षं जुनी, पाणी दर महिना-दीड महिन्याला टाकावं लागतं, आणि आपण समजत होतो की उन्हामुळे पाणी उडतं. ओळखीच्या वायरमनला विचारलं तर तो म्हणाला भाऊ, जुनी ट्युब्युलर बॅटरी म्हातारी झाली की फुल होतच नाही, इन्व्हर्टर तिला चार्ज देतच राहतो आणि तो करंट पाण्याचे बुडबुडे अन् उष्णता होऊन जातो. पाणी लवकर संपणं ही त्याचीच खूण. दोन वर्षांपासून खूण समोर होती.

१७ ते २० मार्च

बॅटरी काढून टाकावी का यावर घरात चर्चा. इकडे मे-जूनच्या वावटळीत तारांवर फांद्या पडल्या की रात्र रात्र लाईट नसते, तेव्हा बाबांच्या खोलीत पंखा पाहिजेच. त्यामुळे बॅटरी बदलायची. एका दुकानदाराने इन्व्हर्टरही बदला, मोठा घ्या, दोन बॅटऱ्यांचा घ्या म्हणून फार आग्रह केला, मी मोजमाप लिहिलेला कागद दाखवला तरी बघेना. तिथून निघालो. दुसरीकडे जुनीएवढ्याच क्षमतेची, १५० एएच बॅटरी, जुनी परत देऊन साडेअकरा हजाराला पडली.

दोन दिवस चार्ज होऊ दिली आणि परत रात्री मोजलं. सगळं बंद असताना ३४ सेकंद. म्हणजे ३३ वॅट, त्यात इन्व्हर्टरचे १४. ५३ वॅट कमी, महिन्याला ३८ युनिट. एकाच वस्तूत. एवढ्या वर्षांत "नको तिथले लाईट बंद करा" म्हणून पोरीला जितकं रागावलो त्या सगळ्याची बेरीज केली तरी ३८ युनिट होत नाहीत, ९ वॅटचा एलईडी दिवसरात्र चालू राहिला तरी महिन्याला साडेसहा युनिट. तिला तसं सांगितलं आणि सॉरी म्हटलं.

२४ मार्च, होळी

आज मोटर. आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांनी येतात, खालच्या टाक्यात साठवायचं आणि मोटरने वर चढवायचं. हजार लिटरची टाकी भरायला ५५ मिनिटं लागतात असं सगळे धरूनच चालतात, मोटर लावून आंघोळ उरकून यायचं. पूर्वी अर्ध्या तासात भरायची हे आईला आठवत होतं. "लागायची नाही रे एवढी, कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या आत भरून वाहायची."

प्लंबर आला, फुटव्हॉल (टाक्यातल्या पाइपच्या तोंडाशी पाणी मागे जाऊ न देणारी झडप) काढला तर त्याच्या रबरात वाळूचा कण अडकून चीर पडलेली, पाणी मागे सरकत होतं, मोटर हवा ओढत होती. नवा फुटव्हॉल टाकला. ३१ मिनिटं. १ एचपीची मोटर तासाला साधारण एक युनिट घेते, महिन्यात वीस-बावीस वेळा टाकी भरतो, म्हणजे आठ-नऊ युनिट वाचले. शिवाय टाकी भरल्याची बेल बसवली, आमची टाकी वाहिल्याशिवाय कोणी मोटर बंद करत नव्हतं, आणि या गावात पाणी असं वाहू देणं जिवावर येतं.

१ एप्रिल

मार्चचे २२४ युनिट. फरक थोडाच, बॅटरी अर्ध्या महिन्यात बदलली आणि कूलर अजून सुरू नाहीत.

आजपासून दर वाढले. वहन आकार धरून पहिल्या शंभराला ५ रु. ८८ पैसे, १०१ ते ३०० ला ११ रु. ४६ पैसे, ३०१ ते ५०० ला १५ रु. ७२ पैसे, आणि या सगळ्यावर १६ टक्के. म्हणजे तीनशेच्या वरचं प्रत्येक युनिट अठरा रुपयांच्या वर. मागच्या मे सारखेच ४८६ युनिट आले तर या वर्षी ६,९०० च्या आसपास होतील. टार्गेट लिहून फ्रीजवर चिकटवलं, मे महिना ३०० च्या आत.

७ एप्रिल, रविवार

पंखे. मीटरवर एकेक मोजला, ७२, ७५, ७८, आणि हॉलमधला जुना ८१. बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा) फुल स्पीडला २८ ते ३५ वॅट घेतो. पाचही बदलायचे तर पंधरा हजार, एवढे आत्ता नाहीत, म्हणून तास मोजले. बाबांच्या खोलीतला, हॉलमधला आणि आमच्या बेडरूममधला हे तीन रोज १५ तासांच्या आसपास चालतात, बाकीचे दोन तीन-चार तास. तिघांना बदलायचं ठरवलं. ४५ वॅट गुणिले १५ तास गुणिले तीन, रोजचे २ युनिट. किचनमधला बदलून वर्षानुवर्षं पैसे वसूल होणार नाहीत, तो आहे तसा चांगला आहे.

९ एप्रिल, गुढीपाडवा

गुढी उभारली, नैवेद्य झाला आणि पंखे बसवले. बाबांचा पंखा सुरू केला तर थोडा फिरतो, थांबतो, परत फिरतो. वायरमनने जुना रेग्युलेटर लाईनमध्येच ठेवलेला. बीएलडीसी पंख्याला रेग्युलेटर चालत नाही, स्पीड त्याच्या रिमोटवर असतो, भिंतीवरून सरळ सप्लाय द्यावा लागतो. तो बायपास केल्यावर सुरळीत. बाबांना रिमोट सापडत नाही म्हणून पलंगाच्या कडेला दोरीने बांधून दिला.

हॉलमधला रेग्युलेटर म्हणजे तो जुना डबा होता, कमी स्पीडला ठेवला की तापायचा. तो ताप म्हणजे बिलातलेच पैसे. काढून टाकला.

फायदा आणखी एक झाला, लाईट गेल्यावर इन्व्हर्टर आधीच्या दुप्पट वेळ पंखे चालवतो.

१४ एप्रिल, रविवार

आजचा दिवस कूलरचा. बाबांच्या कूलरचा पंखा मीटरवर २२५ वॅट, हॉलचा १६०. दोन्हींची पाती सारखी, हवाही सारखीच. बाबांच्या कूलरची मोटर दोनदा रिवाइंड केलेली आहे, हाताने पातं फिरवलं तर जड, बुशमध्ये क्षार. नवीन १८ इंची एक्झॉस्ट पंखा बसवला, १५० वर आला.

पण खरं काम ताट्यांचं, म्हणजे कूलरच्या बाजूंना लावलेल्या गवताच्या जाळ्यांचं. आमचं पाणी इतकं खारं की दोन उन्हाळ्यांत गवत दगडासारखं होतं. जुनी ताटी गच्चीवर आपटली तर पांढरे पापुद्रे उडाले, मधून बोट जाईना. हवा आत शिरायलाच जागा नाही, मग पंखा फुलवर ठेवायचा, तरी गार लागत नाही, मग आपण म्हणायचं कूलर जुना झाला. तिन्ही बाजूंच्या ताट्या नवीन, खालचं पाणी दर आठवड्याला पूर्ण ओतून बदलायचं (साचून साचून क्षार वाढतो), आणि वरच्या पन्हाळीची भोकं तारेने साफ, नाहीतर ताटीचा अर्धा भाग कोरडा राहतो आणि तिथून सरळ गरम झळ आत येते.

आणि समोरची खिडकी चार बोटं उघडी. यावरून आईशी वाद झाला, तिचं म्हणणं गार हवा बाहेर जाते. कूलर बाहेरची कोरडी हवा ओली करून आत ढकलतो, तिला बाहेर पडायला वाट नसेल तर खोली दमट होते आणि घाम सुकत नाही. वाद मिटेना म्हणून तिलाच तासभर बंद खिडकीत आणि तासभर उघड्या खिडकीत बसवलं. आता ती शेजारच्या काकूंना सांगते खिडकी उघडी ठेवा म्हणून.

२१ एप्रिल, रविवार

गच्ची. रात्री अकरा वाजता स्लॅबला आतून हात लावला तर तवा. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर खाली उष्णता सोडतो आणि आपण पंखा लावून तीच गरम हवा अंगावर घेतो.

कळीचा चुना आणला आणि लोखंडी टिपाडात भिजवला. पाणी पडल्यावर तो आधी शांत राहतो, मग एकदम खदखदतो, वाफ येते, ढेकळं फुटून लोण्यासारखी होतात, पोरीला टिपाडाच्या जवळ येऊ दिलं नाही. प्लास्टिकचं टिपाड घेऊ नये आणि हातमोजे, चष्मा घालूनच हात लावावा. रात्रभर मुरू दिला, गाळला, चिकटायला थोडं फेविकॉल टाकलं.

पहिला हात मी सकाळी साडेदहाला मारायला घेतला ही चूक झाली. तापलेल्या स्लॅबवर चुना लागल्या लागल्या वाळला आणि संध्याकाळपर्यंत पोपडे. सगळं झाडून काढावं लागलं.

२२ ते २४ एप्रिल

पहाटे पाचला उठून आधी स्लॅब ओला केला, मग चुना. तीन दिवस तीन हात. ऑफिसला जायच्या आत संपवायचं. बायकोने दोन दिवस बरोबरीने ब्रश मारला. गच्ची एवढी पांढरी झाली की दुपारी डोळे दिपतात.

२६ एप्रिल, मतदान

सकाळी सातलाच आई-बाबांना मतदानाला घेऊन गेलो, दहानंतर ऊन झेपत नाही.

चुना मारायच्या आधी बाबांच्या खोलीत छताला टेकवून थर्मामीटर ठेवला होता, दुपारी चारला ४३. आज त्याच जागी, त्याच वेळेला ३९. बाहेरचं ऊन साधारण तेवढंच. चार डिग्री. अंगाला यापेक्षा जास्त फरक जाणवतो, डोक्यावरची ती धग गेली.

१ मे

एप्रिलचे २८१ युनिट, मागच्या वर्षी ३७२. बिल ३,२०० च्या घरात, मागच्या वर्षी कमी दरात सुद्धा साडेचार हजार होतं. फ्रीजवरचा कागद पाहून बाबा म्हणाले, "जमवलं म्हण की." कूलर मात्र अजून ते दुपारी तीनला बंद करतात. मी काही बोललो नाही, फक्त त्यांना मीटरपाशी नेऊन दाखवलं की आता तुमचा पंखा आणि कूलर मिळून जेवढं घेतात त्याहून जास्त आधी एकटा कूलर घ्यायचा. त्यांनी स्वतः सेकंद मोजले.

१२ मे, रविवार

फ्रीज. दारात नोट धरून दार लावलं आणि ओढली तर खालच्या कोपऱ्यात सहज निघून आली. रबर आधी कोमट पाण्याने पुसून पाहिलं, काही उपयोग नाही, कडक झालेलं. ४२ डिग्रीच्या हवेत ती फट म्हणजे कॉम्प्रेसरला उसंतच नाही. नवीन रबर टाकलं, फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढे घेतला, मागच्या जाळीवरची धूळ झाडली. आधी तासात ४०-४५ मिनिटं गुरगुरायचा, आता ३०-३२.

सेट टॉप बॉक्सबद्दल, रिमोटने बंद केला तरी तो १० वॅट घेत राहतो, भिंतीवरचं बटण बंद करायची सवय लावतोय. लागली तर चार-पाच युनिट. एवढंच.

२५ मे, शनिवार

पारा ४५ च्या वर. उष्णतेमुळे जिल्ह्यात ३१ तारखेपर्यंत कलम १४४ लागलं. रस्ते ओस. कूलरच्या पाण्यात हात घातला तर पाणी कोमट. सकाळच्या रीडिंगवरून दिसतंय की या आठवड्यात रोज १३-१४ युनिट जातायत. मे ३०० च्या आत बसणार नाही.

पण दुपारी दोनला बाबांच्या खोलीत डोकावलो. कूलर फुलवर, वर पंखा, खिडकी चार बोटं उघडी, बाबा उघड्या अंगाने गाढ झोपलेले, तोंडावर पेपर. पाच वाजता चहाला उठले. या एका दृश्यासाठी मार्चपासून मीटरपाशी बसलो होतो. फ्रीजवरचा कागद काढून टाकला.

२ जून, रविवार

मे चे ३५२ युनिट. मागच्या वर्षीपेक्षा १३४ कमी. माझ्या हिशोबाने दीडशे कमी व्हायला पाहिजे होते, उरलेले बाबांच्या कूलरच्या वाढलेल्या तासांत गेले आणि ते तिथेच जायला हवे होते. बिल साडेचार हजाराच्या आत. वापर तसाच राहिला असता तर जवळपास अडीच हजार जास्त भरले असते.

१६ जून, रविवार

दोन सरी पडल्या आणि कूलर कुचकामी. हवेत ओल असली की पाणी उडत नाही आणि गारवा होत नाही, नुसतं चिकचिक. आता कूलरची पाण्याची मोटर बंद, फक्त पंखा. हे दोन आठवडे दरवर्षीच वाईट जातात, त्यावर कूलरकडे उत्तर नाही.

बऱ्याच जणांनी सोलर लाव म्हणून सांगितलं. या वर्षी फेब्रुवारीत पीएम सूर्यघर योजना सुरू झाली, एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६०, तीन किंवा जास्तला ७८ हजार सबसिडी. एक किलोवॅट दिवसाला साधारण चार युनिट देतो. मार्चमध्येच लावायला घेतलं असतं तर जुना वापर पाहून तीन किलोवॅट लावून बसलो असतो. आता वर्षाची सरासरी २१०-२२० वर येईल असं दिसतंय, त्याला दोन किलोवॅट पुरतात. दिवाळीनंतर बघू, आधी बॅटरीचे आणि पंख्यांचे पैसे भरून निघू देत.

७ जुलै, रविवार

जूनचे २८८ युनिट, मागच्या वर्षी ४३१.

आज दोन्ही कूलर आवरले. टाकीतला गाळ काढला, तळाला गंज खरवडून रंगाचा हात दिला, पंख्याच्या बुशला तेल. नवीन ताट्यांवर एकाच सिझनमध्ये पांढरी झाक आलीय, लिंबाच्या पाण्यात भिजवून धुतल्या. बाबांनी मार्करने कूलरच्या मागे तारीख लिहिली आणि खाली १५० वॅट असंही लिहिलं. ताट्या वाळायला गच्चीवर ठेवल्यात, पूर्वेकडून आभाळ भरून आलंय, उचलून आणतो.